तिता बेबिंग आणि निळी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी निळी पेटी आहे. पत्र्याची, कडांना थोडी गंजलेली. माझ्या तोंडात एक पेसोचे नाणे टाकले की माझा लाल दिवा हिरवा होतो आणि तुमचा फोन थोडा वेळ साऱ्या जगाशी जोडला जातो. आमच्या बेटावर घरोघरी वायफाय नव्हते, तेव्हा गल्लोगल्ली माझी एखादी बहीण भिंतीला टांगलेली असे.

माझा जन्म सेबू शहरातल्या एका गॅरेजात झाला. एका तरुणाने पत्रा कापला, आत छोटा सर्किट बोर्ड बसवला आणि नाण्याची जाडी व धातू ओळखणारा गळा जोडला. पहिल्याच दिवशी त्याने मला फसवायला आत एक वॉशर टाकला. मी तो लगेच बाहेर टाकला. "पोरगी हुशार आहे," तो म्हणाला. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

खोटे नाणे मला ओळखता येते. खोटा माणूस मात्र ओळखता येत नाही. माझ्यातून जाणारे निरोप मी वाचू शकत नाही; टपालवाला बंद पाकिटे नेतो, तसे मी ते फक्त नेते. पुढची गोष्ट मला कळली ती माझ्यासमोर बसलेल्या माणसांच्या बोलण्यावरून.

मानांग इसयांग मला बोटीतून, तांदळाच्या पोत्यावर ठेवून घेऊन आल्या. मानांग म्हणजे थोरली ताई; सारी वस्ती त्यांना तसेच म्हणे. धक्क्याच्या रस्त्यावर त्यांचे छोटेसे किराणा दुकान होते. दुकानाच्या भिंतीवर मला टांगले आणि समोर बांबूचे बाकडे ठेवले. मग काय विचारता. वस्तीतले निम्मे बाप जहाजांवर खलाशी. त्यांची जहाजे दूरच्या बंदराला लागली की त्यांचे चेहरे माझ्यामुळे घरी दिसत. कुणाच्या बाळाने पहिले पाऊल टाकले, तर ते बापाला दाखवायला सारे कुटुंब माझ्यापुढे जमे.

"ही पेटी माझ्या नवऱ्यापेक्षा कामाची," मानांग इसयांग म्हणत. "आणि जेवायलाही मागत नाही."

"मागेल कशी? तुझ्या हातचं खाऊन बघितलं असेल," बाकड्यावरून देल्फा उत्तर देई.

देल्फा धक्क्यावर सुकी मासळी विकायची. तिची जीभ मिरचीसारखी होती. अकरा वर्षांची रियालिन ही तिची एकुलती एक मुलगी. बाप जहाजावर, आई दिवसभर उन्हात, म्हणून शाळा सुटल्यावर रियालिन माझ्यासमोर बसे. ती छान नाचायची. मैत्रिणी तिचे नाच फोनवर टिपत आणि माझ्यामार्फत जगाला दाखवत.

पुढे काही दिवसांनी ती एकटी येऊ लागली. बाकड्याच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसे. कुणी जवळ आले की फोन मांडीवर पालथा घाली. पूर्वी जाता-येता खिदळणारी मुलगी आता हाक मारली तरी दचकायची. मानांग इसयांग तराजूआडून हे पाहत होत्या. एकदा त्यांनी तिच्या हातात नुसते एक केळे ठेवले.

एका दुपारी रियालिनने विचारले, "मानांग, शनिवारी सकाळची बोट किती वाजता लागते?"

"कोण येतंय?"

"तिता बेबिंग."

"ही कोण? आईची बहीण की बापाची?"

"कुणाचीच नाही. अशीच तिता. तिला माझा नाच आवडतो. मनिलात स्पर्धा आहे म्हणाली."

मित्रांनो, आमच्याकडे आईच्या वयाची कोणतीही बाई तिता, म्हणजे मावशी. शेजारीण तिता, मास्तरीण तिता, बोटीत शेजारी बसलेलीही तिता. मोठ्यांचा हात हातात घेऊन कपाळाला टेकवायचा आणि त्या सांगतील ते ऐकायचे, हे मुले चालायला लागल्यापासून शिकतात. सवय चांगलीच आहे. पण पडद्याआडून कुणीही स्वतःला तिता म्हणवून घेतले, तर हीच सवय त्याला दार उघडून देते. आमच्या मुलांची चूक होते ती नेमकी इथे.

मानांग इसयांग बाकड्यावर येऊन बसल्या. "मीसुद्धा तुझी अशीच मानांग. पण माझा हात तू रोज कपाळाला लावतेस. तिचा कधी लावलास?"

रियालिनने नाही म्हणून मान हलवली.

"चेहरा तरी बघितलास? हलता, बोलता?"

"तिचा कॅमेरा बिघडलाय."

"बरा बिघडलाय. मग ज्या तिताचा हात कधी कपाळाला लागला नाही, ती कुणाची गं तिता?"

तेव्हा ती मुलगी रडू लागली. हुंदक्यांतून एकेक गोष्ट बाहेर आली. तिता बेबिंगशी ती मनातले सारे बोलायची. एकदा आईशी भांडण झाल्यावर तिने आपल्या आवाजात निरोप पाठवला होता: 'माझ्या आईच्या अंगाला मासळीचा वास येतो. ती शाळेत आली की मला लाज वाटते.' आता तिता म्हणत होती, शनिवारी एकटी धक्क्यावर ये, नाहीतर हा निरोप तुझ्या आईला ऐकवते. आणि घरी एक अक्षर सांगायचे नाही.

"मानांग, तुम्ही आईला सांगू नका. मी जाऊन येते, म्हणजे संपेल."

"असं संपत नसतं, बाळा. आज धक्क्यावर बोलावलंय, उद्या आणखी कुठे बोलावतील."

तेवढ्यात रिकामी टोपली घेऊन देल्फा आली. लेकीचा चेहरा पाहून तिने टोपली खाली ठेवली. मानांग इसयांगनी रियालिनचा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "तूच सांग. मी आहे इथे."

रियालिनने सांगितले. मग फोन पुढे करून आईला तो निरोप ऐकवला. माझा हिरवा दिवा तेवत होता. मी यंत्र आहे, पण त्या क्षणी मला वाटले, आता माझी नाणी संपावीत आणि हा आवाज थांबावा.

देल्फाने आपल्या बाहीचा वास घेतला.

"खरंच येतो की," ती म्हणाली. "गाढवे, हे गुपित आहे होय? हे तर साऱ्या धक्क्याला माहीत आहे. या वासावर तुझी शाळा चालते." आणि तिने लेकीला त्या वासासकट घट्ट मिठी मारली. रियालिन रडता रडता हसू लागली. ज्या निरोपाच्या जोरावर कुणी तिला धमकावत होते, त्यात आता काही जोर उरला नव्हता.

राग मात्र देल्फाला आलाच, पण तो माझ्यावर. "ही पेटीच उपटून समुद्रात टाका."

"टाक," मानांग इसयांग म्हणाल्या. "मग पोरं मागच्या गल्लीतल्या पेटीपाशी बसतील. तिथे बघायला ना तू असशील ना मी. आणि ते निरोप पुसू नकोस. पोलिसांना दाखवायचेत."

दोघी रियालिनला घेऊन तडक वस्तीच्या कचेरीत गेल्या. तिथे बायका-मुलांच्या तक्रारींसाठी एक वेगळे टेबल आहे. तिथून शहरात फोन गेला.

शनिवारी काय झाले ते मी पाहिले नाही, पण माझ्यासमोर ते इतक्यांदा सांगितले गेले की मला तोंडपाठ आहे. साध्या कपड्यांतल्या दोन महिला पोलीस देल्फाच्या ओळीत मासळी विकायला बसल्या. त्यातल्या एकीला देल्फा म्हणाली, "मॅडम, पकडायचं नंतर बघा, आधी ती मासळी उलटी करा, उन्हात करपतेय." बोट लागली. रियालिनचा फोन आता पोलिसांकडे होता. त्यावर निरोप आला: 'पोहोचले. कुठे आहेस?' आणि बोटीच्या फळीवर, फोन हातात धरून, एक मिशीवाला माणूस इकडेतिकडे पाहत उभा होता. तिता बेबिंग.

त्याला परतीची बोट मिळाली नाही.

बायका धक्क्यावरून परत आल्या तेव्हा वाटावे की मिरवणूकच निघाली आहे. मानांग इसयांगच्या घरात बसून वाट पाहणारी रियालिन धावत बाहेर आली. देल्फाने रिकामी टोपली तिच्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवली. "हिने सांगितलं म्हणून तो सापडला," ती प्रत्येकाला सांगत होती. आणखी दोन बेटांवरच्या मुली त्याच्या तावडीत होत्या, असे पोलिसांना त्याच्या फोनवरून कळले. त्याही सुटल्या.

त्यानंतर दर रविवारी, चर्चहून आल्यावर, माझ्यासमोर उलटी शाळा भरू लागली. मुले शिकवत आणि आईबाप शिकत. अनोळखी माणसाला कसे अडवायचे, आपला ठावठिकाणा फोनमध्ये कसा झाकायचा, फोटोतून शाळेचे नाव कसे दिसून जाते. देल्फा सर्वांत मठ्ठ विद्यार्थिनी होती. "आई, तिथे दाबू नकोस," रियालिन ओरडे. "दाबलं," देल्फा शांतपणे म्हणे.

आता बेटावर घरोघरी इंटरनेटच्या तारा आल्या आहेत. माझ्या तोंडात नाणे पडून कितीतरी दिवस झाले. माझ्या गळ्यात एका कोळ्याने, म्हणजे किड्याने, जाळे विणले आहे. वाईट वाटते, पण रियालिनसारखी मुलगी जिथे सुखरूप राहिली, त्या भिंतीवर मी गंजते आहे, याचा अभिमानही वाटतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राकडून राखणीची अपेक्षा ठेवू नका. आम्ही फक्त पाकिटे नेतो. कुणी तुम्हाला 'हे घरी सांगू नकोस' म्हणाले, तर घरी सांगायची पहिली गोष्ट तीच. आणि आईबाबांनो, मूल असे काही सांगायला आले, तर हातातले काम खाली ठेवा आणि आधी त्याला जवळ घ्या. रागवायला पुढे सारे आयुष्य पडले आहे.