उजेडात ओढलेली खुर्ची

मित्रांनो, मी अड्याळच्या बाजारगल्लीतल्या एका पार्लरमधली खुर्ची आहे. वयाने जुनी आहे आणि स्वभावाने त्याहूनही जुनी. माझ्यावर बसणाऱ्या माणसांबद्दल मला फारसा आदर उरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. समोरच्या आरशात मला त्यांचे चेहरे दिसतात, पण माझा भरवसा त्यांच्या पाठीवर असतो. तोंडाने माणूस काहीही बोलतो, पाठ मात्र खरं सांगते.

माझा जन्म नागपूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. खाली जड लोखंडी बैठक, वर मरून रेक्झिन, आणि पायाने दाबून उंच करायचा दांडा. तिथून मी भंडाऱ्याला श्यामराव नावाच्या न्हाव्याच्या दुकानात आले. श्यामराव मला रोज ओल्या फडक्याने पुसायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हे खुर्ची माह्या दुकानाची शान हाये." उभा जन्म उन्हात ट्रॅक्टर चालवलेले गडी लग्नाच्या आदल्या दिवशी यायचे, माझ्यात रेलायचे आणि हळूच म्हणायचे, "भौ, जराशी गोरी करून दे न थोबाडी." श्यामराव त्यांच्या गालांवर पांढरा फेस चोळायचे. तो पुसला की खाली तोच गडी असायचा. तरी तो आरशात मान वळवून वळवून बघायचा आणि खूश होऊन जायचा. माणसांना मूर्ख म्हणायला मी तिथे शिकले.

काही वर्षांनी, पाठ मागे झुकवता येणाऱ्या नव्या खुर्च्या दुकानात आल्या. दुकानाची शान मागच्या खोलीत गेली. माझ्यावर टॉवेलांचा ढीग पडला, आणि एक दिवस अंजू मला टेम्पोत घालून अड्याळला घेऊन आली.

अंजू कष्टाळू बाई आहे. भंडाऱ्याला कोर्स करून तिने घराच्या पुढच्या खोलीत पार्लर उघडलं. दोऱ्याने भुवया कोरण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नाही. पण नवरीच्या तोंडावर हात ठेवला की तिची अक्कल कुठे जायची, देव जाणे. तिच्याकडे फाउंडेशनची एकच बाटली असायची, सोललेल्या बदामाच्या रंगाची. गव्हाळ आली तरी तीच, सावळी आली तरी तीच. वरून पावडरचा थर. नवरी उठायची तेव्हा तिचं तोंड राख फासल्यासारखं करडं दिसायचं, आणि मानेखाली तिचा खरा रंग जसाच्या तसा असायचा, जणू एकीचं मुंडकं दुसरीच्या धडावर ठेवलं आहे. आणि सोबतच्या बाया काय म्हणायच्या?

"बाप्पा! ओळखूच नाई येऊन राहिली आपली पोरगी!"

ही स्तुती होती, मित्रांनो. ज्या मुलीला लहानाची मोठी केली ती ओळखू येत नाही, याचा त्यांना आनंद व्हायचा.

त्यांचे घरचे उपायही मी ऐकले आहेत. कोणी लिंबात सोडा कालवून गाल चोळायची, कोणी पुटकुळीवर टूथपेस्ट थापायची. मग तोंडाची आग झाली की अंजूकडे येऊन विचारायची, "हे असं काहून झालं वो?" उत्तर तिच्या स्वतःच्या हाताला लागलेलं असायचं.

या सगळ्यात वीरेंद्र आला. तो मोटारसायकलवर गावोगावी पार्लरचं सामान विकत फिरायचा. एका थंडीत त्याने पांढऱ्या डब्या आणल्या. त्यांच्यावर कंपनीचं नाव नव्हतं, आत काय आहे तेही लिहिलेलं नव्हतं. "नाइट क्रीम हाये, ताई," तो म्हणाला. "पंधरवड्यात रंग पालटते. गिऱ्हाईक स्वतः मागत येईन." अंजूने झाकण उघडून वास घेतला. वास छान होता. तेवढ्यावर तिने डब्या ठेवून घेतल्या. भाजी घेताना चार वांगी उलटून पाहणारी बाई तोंडाला लावायची वस्तू न वाचता घेते. वाचायला त्यावर काही नव्हतंच, आणि तेच तिला खटकलं नाही.

त्याच सुमारास गुंजनचं लग्न ठरलं.

गुंजन गोदावरीबाईची मुलगी. घरी धानाची शेती. पवनीच्या कॉलेजात ती कबड्डी खेळायची. भुवया करायला यायची तेव्हा माझ्यावर अशी ऐसपैस बसायची की जणू मी तिच्याचसाठी घडवली आहे. रंग सावळा, कातडी चिकण्या मातीसारखी तुकतुकीत. सिहोऱ्याच्या मनिषने तिला एका लग्नात पाहिलं आणि घरी सांगून टाकलं की करीन तर हिच्याशीच. पण साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या वेळी मनिषची आई शकुनबाई चारचौघींत बोलली, "पोरगी चांगली हाये, पण रंगानं जराशी दबली हाये. लग्नापर्यंत काई लावजो म्हणा तिले."

हे वाक्य गोदावरीबाई जसंच्या तसं पार्लरमध्ये घेऊन आली. गुंजन त्या दिवशी माझ्या काठावर बसली. कबड्डी खेळणारी पोरगी, आणि अर्धी खुर्ची रिकामी ठेवून बसली.

अंजूने पांढरी डबी काढली.

सुरुवातीला सगळ्यांना भारी कौतुक. गुंजन उजळली खरी. गल्लीतल्या बाया थांबून विचारू लागल्या. गोदावरीबाईने दुसरी डबी नेली, मग तिसरी. मग उन्हाळी धानाच्या कामाला गुंजन शेताच्या बांधीत गेली आणि ऊन तिला सुयांसारखं टोचू लागलं. गाल लाल झाले, हनुवटीवर लव वाढली. घाबरून तिने क्रीम सोडलं, तसे आठवड्याभरात तोंडभर पू भरलेले फोड उठले.

लग्नाला दीड महिना उरला होता. एका दुपारी गुंजन तोंडाला ओढणी गुंडाळून एकटीच आली. माझ्यावर बसली आणि ओढणी सोडली. 

"ताई, एक डबी दे," गुंजन म्हणाली.

"अवो, याच्यावर? पागल झाली काय तू?"

"लावली की दबते थे. मले मालूम हाये. लग्नापुरती दे, मग सोडून देईन."

"अन् सोडल्यावर मंग?"

"मंगचं मंग पाहू! असं थोबाड घेऊन मी हळदीले बसू काय? शकुनबाई काय म्हणन?"

अंजूने खण उघडला. डबी हातात घेतली. मला वाटलं, झालं, देते आता. तिच्याकडून मला दुसरी अपेक्षाच नव्हती. पण द्यायच्या आधी सवयीने तिने कापसाचा बोळा पाण्यात बुडवून गुंजनच्या गालावर टेकवला. साधं पाणी होतं. गुंजनची पाठ माझ्यावर धनुष्यासारखी ताणली गेली आणि तिने अशी किंकाळी फोडली की माझा दांडा कुरकुरला.

अंजूने बोळा टाकून दिला. डबी खणात परत टाकली. मग म्हणाली, "ऊठ. ओढणी गुंडाळ. भंडाऱ्याले चाल."

"कायले?"

"कातडीच्या डॉक्टरकडे. मी येतो तुह्यासंग. हे डबी मीच देल्ली होती न तुले?"

बाजाराचा दिवस होता, बायांची रांग लागणार होती. तरी अंजूने दाराला कुलूप लावलं आणि दोघी गेल्या. हे काही मोठं उपकाराचं काम नव्हतं. आग लावणाऱ्याने पाण्याची बादली आणली, एवढंच. पण बादली आणणारेही मी फार पाहिले नाहीत.

डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते दुसऱ्या दिवशी गोदावरीबाई पार्लरमध्ये येऊन कडाडली तेव्हा मला कळलं. त्या डबीत स्टेरॉईड होतं. ते कातडी पातळ करतं, आणि सोडलं की कातडी अशी पेटून उठते. आता औषध घ्यायचं आणि धीर धरायचा. तोंड सौम्य फेसवॉशने धुवायचं, साधं मॉइश्चरायझर लावायचं, सकाळी सनस्क्रीन लावायचं, उन्हात रुमाल बांधायचा, बाकी काही चोळायचं नाही. जखम भरेल, डाग सावकाश जातील.

"पोरीचं तोंड जाळलं तू माह्या!" गोदावरीबाई ओरडली.

"हो काकू, जाळलं," अंजू म्हणाली. "पन दुसरी अन् तिसरी डबी तुमीच मांगून नेली होती. दोघी मिळून निस्तरू आता."

गोदावरीबाई माझ्यावर धपकन बसली आणि रडू लागली. मला तिची फार कीव आली नाही. शकुनबाईला एक शब्द उलटून न बोलता तीच ते वाक्य इथपर्यंत वाहून आली होती.

वीरेंद्र पुन्हा आला तेव्हा अंजूने उरलेल्या डब्या त्याच्या समोरच नालीत ओतल्या.

"ताई, मी का जबरदस्ती केली काय? लोकच मांगतेत," तो खांदे उडवून म्हणाला.

"लोक जहर मांगतीन तर तेही आणशीन काय? निघ इथून."

तो निघाला. पुढच्या गावात त्याने तीच वाक्यं तशीच म्हटली असतील. अशी माणसं ओशाळत नाहीत, फक्त गाव बदलतात.

लग्नाच्या आधी फोड बसले. डाग राहिले, पण गुंजनच्या गालाला हात लावता येऊ लागला. मग तिनेच अंजूला सांगितलं, "ताई, लग्नात मेकअप करजो. पन माह्या रंगाचा करजो." अंजूने डॉक्टरीणबाईंना फोन करून काय लावलेलं चालेल ते विचारून घेतलं, आणि नागपूरहून गडद रंगाच्या लहान लहान बाटल्या मागवल्या. आतल्या ट्यूबलाइटखाली सगळंच निळसर दिसत होतं, म्हणून तिने मला ढकलत ढकलत दाराशी आणलं. पार्लरमध्ये आल्यापासून मी प्रथमच उन्हाच्या उजेडात आले. माझ्या रेक्झिनच्या चिरा सगळ्या गल्लीला दिसल्या. दिसू द्या.

अंजूने रंग मनगटावर न लावता जबड्याच्या कडेला लावले, जिथे तोंड संपून मान सुरू होते. पहिला करडा पडला. दुसरा इतका पिवळा-तांबडा निघाला की गुंजन आरशात बघून म्हणाली, "बाप्पा, गालावर संत्रं फुटलं." दोघी पोट धरून हसल्या. तिसरा जरा फिका, चौथा जरा गडद. मग अंजूने वाटीत तिसरा आणि चौथा एकत्र कालवले आणि बोटाने लावले. मी आरशात बघत होते. बोट कुठे टेकलं होतं ते शोधूनही सापडेना.

"लावलं काय?" गुंजनने विचारलं.

"लावलं न वो," अंजू म्हणाली, आणि रंगाचं बोट तिच्यासमोर धरलं.

लग्नाच्या दिवशीही मला दाराशीच ओढलं. हळद गालांना न लावता हातापायांनाच लावली होती. अंजूने डागांपुरता रंग थोपटला, डोळ्यांत काजळ, ओठांना विटेच्या रंगाची लिपस्टिक. गुंजन पाठ टेकून पूर्ण खुर्ची भरून बसली होती. चेहरा, मान, हात, सगळे एकाच मुलीचे होते.

तेवढ्यात शकुनबाई दागिन्यांचा डबा घेऊन आली. दारातच थबकली.

"हे काय? रंग लावलाच नाई अजून? फोटोत कशी दिसन?"

गोदावरीबाईने मान खाली घातली. अंजू काही बोलणार, तोच गुंजन सासूला म्हणाली, "लावला, आई. माह्याच रंगाचा लावला."

"अवो, पन जराशी उजळ..."

"तुमी उजळ म्हणलं म्हून मी डबी लावली. गालाची साल निघाली माही. दवाखाना सुरू हाये अजून. मनिषले सगळं सांगतलं मी. तुमाले आज सांगून राहिलो. याच्याऊपर मी काई लावणार नाई."

शकुनबाईने जवळ येऊन गाल पाहिला. अगदी जवळून पाहिल्यावर रंगाखालचे डाग तिला दिसले असावेत. तिने दागिन्यांचा डबा अंजूच्या हातात दिला. माफी वगैरे तिने मागितली नाही. तशी माणसं मागत नाहीत.

गुंजन तयार होऊन आईसोबत मांडवाकडे गेली. शकुनबाई मात्र गेली नाही. ती आरशासमोर उभी राहिली. तिच्या तोंडावर पांढऱ्या पावडरचा थर होता आणि घामाने त्याच्या रेघा मानेवर उतरल्या होत्या. मग ती माझ्यावर बसली, अगदी काठावर.

"पोरी," ती अंजूला म्हणाली, "हे पुसून टाक माह्या तोंडावरचं. अन् माह्या रंगाचं काई असन तर पाह्य."

अंजूने ओल्या कापसाने तिचं तोंड स्वच्छ केलं. नवीन बाटली उघडायला गेली, पण मग थांबली. गुंजनसाठी कालवलेला रंग वाटीत थोडा उरला होता. तिने तोच बोटावर घेतला आणि शकुनबाईच्या जबड्याच्या कडेला टेकवला.

दारातून ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. बोट कुठे टेकलं होतं ते दिसत नव्हतं.

शकुनबाईने ते बघितलं. मग वाटीकडे बघितलं, जिच्यातला रंग थोड्या वेळापूर्वी तिच्या सुनेला लावला होता. तिची पाठ हळूहळू मागे सरकली आणि माझ्यावर टेकली.

मित्रांनो, एवढ्याने मी माणसांवर खूश झाले असं समजू नका. कालच एक बाई आपल्या पोरीला घेऊन आली आणि रंग दबल्याचं तेच जुनं वाक्य बोलली. म्हणून विनवते. तोंड साध्या पाण्याने धुवा, त्याला उन्हापासून जपा, ज्या डबीवर नाव नाही ती घरात घेऊ नका, आणि रंग घ्यायचा तर दाराशी बसून घ्या. आणि कोणी तुम्हाला माझ्यासारख्या खुर्चीवर बसवून "उजळवून देते" म्हणालं, तर उठा. मला उठता येत नाही, म्हणून मी सगळं बघत राहिले. तुम्हाला पाय आहेत.