लगाम धरणाऱ्याच्या हाती

साठ घोड्या, दर घोडीमागे तीन पौंड, म्हणजे एकशेऐंशी. ओटचा खुराक, खुरांच्या नाला आणि छापखान्याचं बिल वजा केलं तरी दीडशे पौंड कुठे गेले नाहीत, असं वॉल्टर किनकेडचं गणित होतं. तेही पक्कं, कारण मटाउरा नदीच्या दोन्ही तीरांवर त्याच्या 'बॅरन'च्या तोडीचा घोडा नव्हता. काळसर तांबडं अंग, कपाळावर पांढरा पट्टा, आणि चारही पाय गुडघ्यापर्यंत असे पांढरे की मोजे घातलेत असं वाटावं.

दक्षिण गोलार्धातल्या त्या मुलखात ऑक्टोबरात वसंत लागला की ख्रिसमसपर्यंत बॅरनची फेरी चाले. सहा दिवस, सहा मुक्काम, आणि रविवारी चर्च. घोडा घेऊन पायी फिरायचा तो ईनियस मोवॅट, डाव्या पायाने जरा लंगडणारा, गरजेपुरतंच बोलणारा स्कॉटिश हायलँडर. ज्याच्या फाटकाशी ज्या वाराला घोडा यायचा, त्या वारी त्याने आपल्या घोड्या फळवायला तयार ठेवायच्या. तीन पौंड लगेच द्यायचे नसत. पुढच्या वसंतात शिंगरू स्वतःच्या पायांवर उभं राहून आईला प्यालं, की द्यायचे. मोवॅटला दर घोडीमागे पाच शिलिंग, तेही मालकाकडून, हंगाम पुरा झाल्यावर.

किनकेडने कार्डं छापून घेतली होती. वर घोड्याची वंशावळ, मधे वार आणि मुक्काम, आणि तळाशी जाड अक्षरांत एक ओळ: 'फी फक्त घोड्याची लगाम धरून येणाऱ्याच्या हाती द्यावी.' त्याच्या आदल्या वर्षी एका भामट्याने त्याचं नाव सांगून चार शेतांवरून बारा पौंड उचलले होते. ही ओळ सुचली म्हणून किनकेड स्वतःवरच खूश होता.

सहाव्या आठवड्यात, बुधवारी, नदी फुगली.

"मालक, पाणी तांबडं झालंय," मोवॅट म्हणाला. "पुलावरून नेतो. लांब पडेल, पण उद्या पोचतो लॅमंटकडे."

"कार्डावर काय छापलंय?"

"बुधवार."

"मग? गुरुवार छापलेलं दिसतंय कुठे? आज गेला नाहीस तर लॅमंटच्या सात घोड्या दुसऱ्याच्या घोड्याखाली जातील. एकवीस पौंड, मोवॅट. तू देणार आहेस?"

मोवॅटने टोपी डोळ्यांवर ओढली. "बुधवार तर बुधवार. मी तरी वार कधी चुकवलाय?"

नदी पायी ओलांडायच्या उताराच्या मध्यावर घोड्याचा पाय सुटला. किनकेडने ते काठावरून पाहिलं. मोवॅट संध्याकाळी गावकऱ्यांना सापडला. मुठीत तुटलेला दोर तसाच होता. घोडा दोन मैल खाली, विलो झाडांच्या मुळांत अडकलेला, एकट्या किनकेडला सापडला. त्याने तो कुणाला न सांगता तिथेच पुरला. त्याआधी पितळी फुलांची लगाम मात्र काढून घेतली. तिचे अडीच पौंड पडले होते.

लोकांना त्याने सांगितलं, "मोवॅट गेला. घोडा पोहून निघाला, पण लंगडतोय. एक आठवडा विश्रांती."

मोवॅटची बायको एल्स्पेट हिशेब मागायला आली, तेव्हा एकतीस घोड्या झाल्या होत्या. किनकेड हळहळला, चहा दिला आणि म्हणाला, "बोली हंगामाची होती गं. हंगाम कुठे पुरा झाला?"

एल्स्पेटने कप खाली ठेवला. "मग पुरा झाला की येईन," एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात किनकेड लांब उत्तरेला जाऊन साठ पौंडांत एक घोडा घेऊन आला. तोच रंग, तोच पट्टा. फक्त पुढचा उजवा पाय काळा. त्यावर उपाय अर्ध्या क्राउनचा, म्हणजे अडीच शिलिंगांचा होता: चुना आणि सरस. एकच अडचण होती, पाण्यात रंग उतरला असता. त्यामुळे नदीचा उतार बंद, रस्ता पुलावरूनच. हा घोडा प्रत्येक मुक्कामी एक दिवस उशिरा पोचणार होता. शनिवारचा मुक्काम तर सोडूनच द्यायचा, कारण रविवारी घोडी फळवली असती तर पाद्रीबुवांनी भर चर्चमध्ये नाव घेतलं असतं.

गुरुवारी दुपारी, नव्या घोड्याच्या पहिल्याच मुक्कामी, तो आर्ची लॅमंटच्या फाटकाशी पोचला. लॅमंट कुंपणावर बसून पाइप ओढत होता. त्याने घोड्याकडे पाहिलं, मग किनकेडकडे.

"काय रे वॉल्टर, पुन्हा?"

"पुन्हा म्हणजे?"

"काल आला होता की तुझा माणूस. उरलेल्या तिन्ही घोड्या फळवून गेला. मागच्या बुधवारीही आला होता, चार तेव्हा झाल्या."

मागच्या बुधवारी किनकेडकडे कुठलाच घोडा नव्हता.

"नक्की माझाच घोडा?"

"मला बॅरन कळत नाही होय? चार पांढरे मोजे. फक्त तुझी ती नखरेल लगाम नव्हती, साधा तुटका दोर होता. आणि दोघंही चिंब. मी म्हटलं, 'बाबा, पुलावरून यायचं ना.' तर माणूस बोलेचना."

लॅमंटची मोठी घोडी बाहेर आणली गेली. नव्या घोड्याने मान पुढे करताच तिने कान मागे पाडले आणि अशी लाथ झाडली की फळी तुटली. "गाभण आहे ती," लॅमंट म्हणाला. "घोडी खोटं बोलत नाही. माणसांचं सांगवत नाही."

पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. अंगण भाकरीसारखं तडकलं होतं. पण फाटकापासून तबेल्यापर्यंत ताटाएवढ्या खुरांचे ठसे उमटले होते आणि प्रत्येक ठशात पाणी साचलं होतं, तांबडं. शेजारी माणसाच्या पावलांचे ठसे. डावं पाऊल जरा ओढलेलं.

शुक्रवारच्या मुक्कामी, म्हणजे शनिवारी, मिसेस गिलफिलन दारातच उभी होती. नवऱ्यामागे दोनशे एकर एकटीने करणारी ही म्हातारी. तिच्या नजरेतून कोंबडीचं पीससुद्धा सुटत नसे.

"वॉल्टर किनकेड, तुझा नवा माणूस कोण रे? टोपी डोळ्यांवर, तोंडातून शब्द नाही. चहा ठेवला तर कपाला हात लावला नाही, पण कप मात्र नदीच्या पाण्याने भरून गेला. मोवॅटसारखाच लंगडतो."

खरं बोलावं तर घोडा गेला, नाव गेलं, एकशेऐंशी गेले. किनकेड म्हणाला, "मोवॅटचा भाऊ. माझाच माणूस आहे."

"असं होय. घरात असं चिंब भिजून येण्याची खोड त्यांच्या घराण्यातच दिसते."

परतीच्या वाटेवर तो ओल्या ठशांना वळसे घालत चालला. पण घरी पोचून शेकोटीपाशी बसल्यावर, सवयीने, त्याने आकडे मांडलेच. घोड्या फळत होत्या. ओट लागत नव्हता. नाला लागत नव्हत्या. नोकराला पगार नव्हता. असा हंगाम त्याला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. पुढच्या आठवड्यापासून त्याने घराबाहेर पडणंच सोडलं. फक्त गुरुवारी सकाळी पडदा बाजूला करून अंगण कोरडं आहे ना, हे तो पाहून घेई.

ख्रिसमसपर्यंत साठ घोड्या पुऱ्या झाल्या.

सप्टेंबरात शिंगरं यायला लागली. साठांतून अठ्ठावन्न. प्रत्येकाच्या पायांत चार पांढरे मोजे. सगळी धडधाकट, फक्त पहिले तीन दिवस अंग काही केल्या वाळत नसे, गोणपाटाने कितीही पुसा. शेतकऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. चार पायांवर उभं राहिलेलं शिंगरू ओलं असलं म्हणून कुणी तीन पौंडांत कमी करत नाही.

किनकेडने चुना कालवला, पाय रंगवला, पितळी लगाम घातली आणि पुलावरून वसुलीला निघाला. गुरुवारी लॅमंटकडे.

"दिले की काल," लॅमंट म्हणाला. "सात शिंगरं, एकवीस पौंड."

"कुणाला दिलेस?"

"तुझ्या माणसाला. घोडा घेऊन आला होता." लॅमंटने खिशातून कार्ड काढलं आणि जाड ओळीवर अंगठा ठेवला. "'लगाम धरून येणाऱ्याच्या हाती.' हे तूच छापलंस ना? का मी?"

मिसेस गिलफिलन तर हसलीच. "माझाच माणूस, असं याच दारात म्हणाला होतास. मी बहिरी नाही, आणि दोनदा पैसे देण्याइतकी वेडीही नाही."

सहाही मुक्कामी तेच. घोडा आधीच येऊन गेलेला, आणि पैसे गेलेले.

मंगळवारी तो एल्स्पेटच्या झोपडीशी गेला. दार उघडंच होतं. खिडकीच्या कट्ट्यावर ओटच्या पिठाच्या पिशव्या रांगेने ठेवल्या होत्या. पिशव्यांतून पाणी ठिबकत होतं. एल्स्पेट त्यांतल्या नोटा एकेक करून चुलीवरच्या दोरीवर वाळत घालत होती.

"एल्स्पेट, हे माझे पैसे आहेत."

"कोर्टात जा ना मग." तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "शपथेवर सांगा, तो घोडा तुमचा होता. मग न्यायाधीश विचारतील, तुम्ही घेऊन फिरत होतात तो रंगवलेला कुणाचा? किंवा सांगा, तो तुमचा नव्हता. मग फी कसली मागताय?"

किनकेड दोरीवरच्या नोटा मोजायला लागला.

"एकशेचौऱ्याहत्तर आहेत," ती म्हणाली. "त्यांनी आणून का दिले, ते मला ठाऊक नाही. तुम्हीच विचारा त्यांना. बुधवारी येतात."

"माझ्याकडे काय मागणं आहे तुझं?"

"माझं नाही, त्यांचं. आता हंगाम पुरा झालाय, मालक. साठ घोड्या, पाच शिलिंगांप्रमाणे पंधरा पौंड. मी इथे सांगून ठेवते, नाहीतर ते तुमच्याकडे मागायला येतील. वार चुकवणारे नाहीत ते."

किनकेड घरी गेला, पेटी उघडली आणि दिवस मावळायच्या आत परत आला. पंधरा पौंड त्याने स्वतः दोनदा मोजून दिले. पावती मागितली नाही.

त्यानंतर बुधवारी घोडा कुणाच्या फाटकाशी आला नाही.

तेव्हा शेवटचा हिशेब असा. शेतकऱ्यांनी एकशेचौऱ्याहत्तर दिले आणि अठ्ठावन्न घोडे मिळवले, म्हणजे त्यांचं गेलं काहीच नाही. एकवीस पौंडांच्या घाईपायी मोवॅटचा जीव गेला, आणि तो कुणाच्याच वहीत लिहिला गेला नाही. किनकेडचा बॅरन गेला, दुसऱ्या घोड्याचे साठ पौंड आणि अर्ध्या क्राउनचा चुना गेला, आणि वर रोख पंधरा गेले, तेही एक दिवस आधी. त्या घोड्याच्या पुढे तो आयुष्यात तेवढा एकदाच पोचला.