रुपरावांचं नाक आणि एक मध्यम सिगार

नाकासारखा प्रामाणिक अवयव माणसाच्या देहात दुसरा नाही. जीभ लाच खाते, डोळे रंगाला भुलतात, कान तर बोलूनचालून ऐकीव माहितीवर जगतात; नाक मात्र जे आहे तेच सांगतं. हा सिद्धांत रुपरावांनी भिवापूरच्या मिरची बाजारात चाळीस वर्षं सांगितला आणि काम सोडून धरमपेठेत राहायला आल्यावर शेजाऱ्यांनाही ऐकवला. गेल्या दीड वर्षापासून त्यांना कशाचाही वास येत नव्हता.

एका साध्या तापात तो गेला. ताप चार दिवसांत उतरला, वास परतला नाही. ही गोष्ट रुपरावांनी कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही. ज्या माणसाने वाळल्या मिरचीचा देठ मोडून, दोनदा हुंगून, वावर कुणाचं आणि तोडा, म्हणजे तोडणीची फेरी, कितवा हे सांगितलं, ज्याच्या नाकपुड्या हलेपर्यंत भाव फुटत नसे, त्याने आता काय म्हणून सांगायचं? नातेवाईक अजूनही तूप घेऊन येत, तांदूळ घेऊन येत. एका भाच्याने तर भाड्याने घ्यायचा फ्लॅट हुंगायला नेलं होतं. रुपराव डोळे मिटत, लांब श्वास घेत आणि म्हणत, "बेताचं आहे." हे मत दीड वर्षात एकदाही खोटं ठरलं नव्हतं. फक्त स्वयंपाकघरात जायचं त्यांनी सोडलं होतं. तिथे प्रश्न फार नेमके असतात.

आणि मग मंगळवारी पुतण्या अश्विन सिगार घेऊन आला.

अश्विनचा हिंगण्याला लाकडी पेट्यांचा कारखाना. लग्नातल्या सुक्यामेव्याच्या पेट्या बनवता बनवता त्याला एक परदेशी खरेदीदार भेटला, ज्याला सिगारींसाठी पेट्या हव्या होत्या. त्या गृहस्थाने जाताना एक सिगार आणि एक छापील कार्ड हातात ठेवलं. ही ओढ, चव लिही, शुक्रवारी सहा वाजता व्हिडिओवर मला सांग. आत काय ठेवायचं हे ज्याला कळत नाही त्याच्याकडून मी पेटी घेत नाही. अश्विनने आयुष्यात एकदा बिडी ओढली होती आणि त्यानंतर तो दोन दिवस झोपून होता.

"मोठेबाबा, हे काम तुमचंच आहे," तो म्हणाला.

काचेच्या नळीतली ती तपकिरी कांडी रुपरावांनी वाकून बघितली. पानाची शीर न् शीर दिसत होती, पण कुठे सांधा नव्हता. कमरेला सोनेरी पट्टा. एवढ्या निगुतीने गुंडाळलेली वस्तू त्यांनी आजवर फक्त बारशाला बघितली होती.

"मी काहून? मी तमाखूतला नाही गा," ते म्हणाले.

"नाकातले त आहे न? सारं नाकाचंच काम आहे म्हणते ते. तुमच्यावर ऑर्डर आहे पूर्ण."

नाही म्हणायला एकच कारण होतं, आणि तेच सांगता येत नव्हतं. रुपराव म्हणाले, "शुक्रवारी ये."

अश्विनने नळी रुपरावांच्या बायकोच्या, सुभद्राबाईंच्या हातात दिली. "मोठीआई, फ्रिजमध्ये नको ठेवू. ओल नको लागू देऊ, आन् फार सुकूही नको देऊ."

"ठेवतो मी बराबर. नळीचं बूच त ढिल्लं आहे हे," सुभद्राबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

शुक्रवारी चार वाजता गॅलरीत खुर्ची मांडली गेली. अश्विनने इंटरनेटवरून सगळा विधी पाठ केला होता. टोपी, म्हणजे तोंडात धरायचं टोक, कापायची, पण फार नाही. पाय, म्हणजे पेटवायचं टोक, शेकायचा, पण जाळायचा नाही. धूर तोंडात घोळवायचा, गिळायचा नाही. मिनिटाला एकच झुरका. रुपरावांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. गेल्या तीन दिवसांत त्यांनी अडुळसा, वाफ, निलगिरी असं सगळं दार लावून करून बघितलं होतं. नाकाने दाद दिली नव्हती.

सुभद्राबाईंनी सिगार आणून दिली. नळीशिवाय, फडक्याने पुसलेली. "अवो, मी काय म्हणतो..."

"थांब वं. मोठं काम सुरू आहे."

रुपरावांनी अडकित्त्याने टोपी कापली. चाळीस वर्षं सुपारी कापलेला हात होता; कट असा आला की अश्विनने त्याचा फोटो काढला. मग त्यांनी सिगार नाकाखालून आडवी फिरवली. काहीच नाही. भिंत हुंगल्यासारखं.

"काय येऊन राहिलं?" अश्विनने पेन सरसावलं.

"लाकूड," रुपराव म्हणाले. पुतण्या पेट्यांचा धंदा करतो, तेव्हा लाकूड धरून चालायला हरकत नव्हती.

अश्विनने मोबाइलवर जुळवून बघितलं आणि त्याचे डोळे विस्फारले. "देवदार. कंपनीनेही हेच लिहिलं आहे, मोठेबाबा."

सिगार पेटली. निळसर धूर गॅलरीच्या कठड्यावरून सावकाश वर गेला. समोरच्या गुलमोहराखाली स्कूटरला किक मारणारा माणूस मध्येच थांबला. अश्विन मात्र खोकायला लागला. आधी एकदा, मग थांबेचना, डोळ्यांतून पाणी. "फॉरेनचा माल," तो कसाबसा म्हणाला, "जबरदस्त आहे." सुभद्राबाईंनी पदर नाकाला लावला आणि पुन्हा म्हणाल्या, "अवो..."

"लिहून राहिला न तो. बोलू नको."

कार्डावर सिगारीचे तीन भाग केले होते, आणि प्रत्येक भागाची चव वेगळी लिहायची होती. वर एक रकाना बॉडीचा.

"बॉडी म्हणजे?"

"अंग. धुराचं अंग. हलकं, मध्यम का भारी."

"धुराले अंग असते?" रुपराव म्हणाले, पण चेष्टा त्यांच्या आवाजात उतरली नाही. कारण धुराला खरंच अंग होतं. ते जिभेवर टेकत होतं, गालाला लागत होतं आणि जाताना मागे काहीतरी ठेवून जात होतं. ताकापेक्षा दाट, दुधापेक्षा पातळ. "मध्यम लिही."

राख पडत नव्हती. बोटाच्या पेराएवढी झाली, दीड पेर झाली, तरी करड्या खांबासारखी उभी. अश्विनने श्वास रोखला. दीड पेराची राख न पाडता बसलेले मोठेबाबा त्याला आता गॅलरीत बसल्यासारखे वाटेनात, गाभाऱ्यात बसल्यासारखे वाटायला लागले.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला रुपरावांना नाकात, खूप आत, एक टोचणी जाणवली. त्यांनी दुर्लक्ष केलं. पुढच्या झुरक्याला ती वाढली. त्याच्या पुढच्याला, बंद घराचं दार कुणी आतून ढकलावं तसं काहीतरी हललं, आणि वास आला.

सिगार हातात तशीच राहिली. राख सदऱ्यावर पडली, ती त्यांनी झटकलीही नाही. दीड वर्षानंतर त्यांच्या नाकात ऊन शिरलं होतं, वाळवणाने लाल झालेलं खळं शिरलं होतं, देठ मोडल्यावरचा तो गोडसर, जरा धुळकट तिखटपणा शिरला होता. समुद्रापलीकडच्या कुठल्या डोंगरावर उगवलेलं पान, कुणा बाईने मांडीवर वळलेलं असेल, आणि त्याच्या पोटात हे. त्यांनी पुन्हा ओढून बघितलं. तेच. डोळे भरून आले, ते त्यांनी धुरावर ढकललं.

"मिरची," ते म्हणाले.

"काळी मिरी म्हणता?" अश्विन मोबाइल चाळत म्हणाला. "मिरी लिहिली आहे यांनी."

"मिरी नाही बे. मिरची. लाल. भिवापुरी." त्यांचा आवाज बाजारातला झाला होता. "उन्हात वाळवलेली, पाणी न मारलेली. दुसऱ्या तोड्याची. मधुकररावच्या वावरातली, नाल्याकाठचं, तिथली माती काळी आहे."

अश्विनने पेन खाली ठेवलं. "मोठेबाबा, हे पान परदेशातलं आहे."

"असन. मी काय त्याले पासपोर्ट मागून राहिलो? आलं ते सांगितलं. लिही."

त्याने लिहिलं. दारात उभ्या सुभद्राबाई नवऱ्याकडे बघत होत्या. काही म्हणायला उघडलेलं तोंड त्यांनी हळूच मिटलं.

सहा वाजता पडद्यावर खरेदीदार आला. अश्विनने थरथरत्या इंग्रजीत कार्ड वाचलं. मिरचीपाशी आल्यावर त्या गृहस्थाने चष्मा काढला. सतरा वर्षं हा माल विकतो, म्हणाला, लोक देवदार सांगतात, कोको सांगतात, चामडं सांगतात. एका शेताची, एका तोडणीची लाल मिरची आजवर कुणाला सापडली नव्हती. आता स्वतः ओढून बघेन. आणि ज्यांच्या घरात असं नाक आहे त्यांच्या पेटीबद्दल मला शंका नाही, पाचशे पेट्या पाठवा. शेवटी त्याने रुपरावांना उद्देशून मान लववली. रुपरावांनीही लववली.

अश्विनने पाया पडून घेतलं आणि हिंगण्याला कळवायला तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.

गॅलरीत दोघंच उरली. विझलेली सिगार बशीत होती. रुपरावांनी सदऱ्यावरची राख झटकली. मग म्हणाले, "सुभद्रे, मले दीड वर्ष झालं, वास येत नव्हता."

"ठाऊक आहे. नासलेल्या दुधाचा चहा पेले होते तुम्ही दिवाळीत. वरून चांगला झाला म्हणे."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही नाही बोलले, म्हणून मीही नाही बोलली."

रुपरावांनी खोल श्वास घेतला. खालून तळलेल्या भज्यांचा वास आला, गुलमोहराच्या मुळाशी कुणीतरी ओतलेल्या पाण्याचाही आला. जग जागेवर होतं. "आन् तू मघापासून काय म्हणून राहिली होती?"

"काही नाही. ओल लागू नको देऊ म्हणे तो, आन् नळीचं बूच बसेना," सुभद्राबाई बशी उचलत म्हणाल्या. "म्हणून मंगळवारपासून ते मिरचीच्या बरणीत होती. मधुकररावकडून आलेल्या. दुसऱ्या तोड्याच्या."