पांढरी पाचच्या जरा वर

मित्रांनो, पहिल्या नजरेला तुम्ही मला कपाट समजाल. बरेच जण समजतात. माझ्या डोक्यावर कोणी चहाचा कप ठेवतो, कोणी टोपी, आणि शेजारच्या बाना-म्वापे तर भुईमुगाच्या शेंगांची अख्खी परात ठेवतात. पण मागून वाकून पाहिलेत तर काचेचे व्हॉल्व्ह दिसतील, आणि वीज असली तर त्यांच्यातला तांबूस उजेडही. मी ॲम्प्लिफायर आहे. गिटारची तार छेडली की तिचा बारीकसा आवाज माझ्याकडे येतो आणि मी तो बुची वस्तीच्या टोकापर्यंत पोचवतो.

माझा जन्म याच किट्वे शहरातला. खाणीजवळचे जुने सिनेमाघर बंद पडले, तेव्हा तिथली आवाजाची यंत्रे अंगणात टाकून दिली होती. बाशी-काटोंगो ती हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. ते रेडिओ दुरुस्त करत. त्यांचे खरे नाव फार थोड्यांना आठवत असेल. आमच्याकडे मूल झाले की आईबापांना त्याच्याच नावाने हाक मारतात. काटोंगो ही त्यांची एकुलती मुलगी, म्हणून ते बाशी-काटोंगो, काटोंगोचे वडील. या पोरीने कुठून तरी एक मोडकी गिटार मिळवली होती. तिच्यासाठी त्यांनी एका रेडिओच्या कपाटात मला बसवले.

पहिल्यांदा बटण दाबले आणि मी घुमू लागलो. कोणी काही वाजवत नसतानाही माझ्या पोटातून 'घूं' असा अखंड सूर निघत राही. बाशी-काटोंगोंनी खूप खटपट केली. तारा बदलल्या, ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला, मध्ये पत्रा लावला. घूं काही जाईना. काटोंगो मात्र माझ्याजवळ बसून गिटारच्या खुंट्या पिळत होती.

"बाबा, थांबा ना. मी त्याच्यावर लावतेय."

"कशावर?"

"याच्या घूंवर. आता काढू नका."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. तुमच्याकडे गाताना तंबोरा धरतात, तसा त्या दिवसापासून मी झालो. माझा सूर मात्र तुमच्या पेटीवर सापडायचा नाही. तो पांढरी पाचच्या जरा वर आहे, आणि काळी चारपर्यंत पोचत नाही.

पुढे काटोंगोला बेस गिटार वाजवणारा म्वापे मिळाला, ड्रम बडवणारा कसुबा मिळाला. बँडचे नाव त्यांनी 'दुसरी पाळी' ठेवले, कारण तिघांचेही बाप कधी ना कधी खाणीत दुसऱ्या पाळीला होते. सुरुवातीला लग्नात वाजवले की पाहुणे जेवण अर्धे टाकून लांब जाऊन बसत. मग कॉलेजच्या पोरांना ती गाणी आवडू लागली. माझी गुरगुर ऐकायला लोक पुढच्या रांगेत उभे राहत. बाशी-काटोंगो सगळ्यांच्या आधी येत, मला सुरू करत, आणि माझ्या झाकणावर तळहात ठेवून उभे राहत.

"चला की आता!" कसुबा ओरडे.

"म्हाताऱ्याला आधी ऊब येऊ दे," ते म्हणत. "मग घाला गोंधळ."

मी तेव्हा अगदी नवा होतो. पण माझे सगळे भाग जुने, म्हणून म्हातारा.

मग बाशी-काटोंगोंची छाती बिघडली, आणि एका थंडीत ते गेले. अंगणात बायका रडत होत्या. काटोंगो रडत नव्हती; भिंतीला टेकून नुसती बसली होती. इतक्यात लुसाकाहून जेरे आला. तो ध्वनिमुद्रण करणारा, बँडचा जुना मित्र, जातीचा न्गोनी. न्गोनी आणि आम्ही इथले बेंबा, यांच्यात थट्टेचे नाते असते. मरणाच्या घरातही थट्टा करायचा त्यांना हक्क असतो. जेरेने मेलेल्या माणसाची टोपी डोक्यावर चढवली आणि त्याच्याच खुर्चीत पाय पसरून बसला.

"चहा आणा रे," तो म्हणाला. "मी बाशी-काटोंगो. आणि ही गर्दी कोणाला पुरायला निघालीय?"

"ऊठ रे उंदीरखाऊ, माझ्या भावाच्या खुर्चीवरून!" बाना-म्वापे ओरडल्या. बाना-म्वापे म्हणजे म्वापेची आई, चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांची म्होरकी.

"उठतो. पण माकडखाऊंच्या घरी निदान साखर तरी असते का, ते सांगा."

काटोंगो खुदकन हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटले. दुपारभर ती रडली. मी कोपऱ्यातून पाहत होतो.

त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. माझ्यावर कपड्यांचा ढीग चढला, मागून कोळी शिरले. काटोंगो कधी कधी बटणापर्यंत हात आणायची आणि मागे घ्यायची. मित्रांनो, मोडलेल्या वस्तूला निदान कारण तरी माहीत असते. मी तर धडधाकट होतो.

पुढल्या वर्षी तिने कपडे उचलले. म्वापे आणि कसुबा समोर बसले होते.

"अल्बम करायचा," ती म्हणाली. "सगळा सलग. मध्ये कुठे थांबायचं नाही. एक गाणं संपतं तिथंच दुसरं सुरू. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बाबांचा एक दिवस, आणि खालून शेवटपर्यंत याचा घूं. शेवटाला बाना-म्वापेंच्या बायका गातील."

"एवढं सलग ऐकणार कोण? लोकांना मध्ये उठून चुलीवरचं मक्याच्या न्शिमाचं भांडं उतरवावं लागतं," म्वापे म्हणाला.

"त्यांनी उतरवावं. आपण वाजत राहू."

जेरे भाड्याची यंत्रे घेऊन शनिवारी सकाळी आला. रविवारी संध्याकाळच्या बसने त्याला परतायचे होते. सोमवारी त्या यंत्रांवर दुसऱ्यांचा हक्क होता. शनिवार छान गेला. सकाळची आणि दुपारची गाणी एकातून एक निघत गेली. दुपारचे शेवटचे गाणे वाजवून झाले, आता नुसता माझा घूं उरला होता, तेवढ्यात लोडशेडिंग आले. दिवे मंदावले, माझा सूर बारीक होत होत विझला. जेरेची यंत्रे बॅटरीवर होती, त्यांनी माझे विझणेही टिपले.

"ते कापून टाकू," जेरे म्हणाला.

रविवारीही वीज आली नाही. मग मांडववाल्याचा जनरेटर आणून कुंपणापलीकडे लावला. सगळ्यांनी नेहमीच्या सवयीने माझ्यावर सूर लावले. बायका आल्या, संध्याकाळची गाणी झाली, शेवट झाला, आणि सगळ्यांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. जेरेने कालचे आणि आजचे जोडून लावले.

जोडाच्या जागी असे झाले, जशी चालताना एक पायरी जास्त निघावी.

"हे काय?" काटोंगो म्हणाली.

"आज तुम्ही सगळे सुरात चढलायत."

"आम्ही घूंवर लावलंय!"

"मग घूंच चढलाय!" जेरे बाहेर जाऊन जनरेटरकडे पाहून आला. "घूं विजेचाच असतो, आणि हा जरा जोरात फिरतोय. याच्या विजेवर तुमचा म्हातारा चक्क काळी चारला बसलाय. कंप्यूटरनं खाली ओढता येईल, पण मग बायका सर्दी झाल्यासारख्या गातील."

"सर्दी तुझ्या आजीला!" बाना-म्वापे म्हणाल्या.

"फेकून द्या हे खोकं," म्वापे चिडून म्हणाला. "जगात सगळे फोनवर सूर लावतात. आपण एका बिघडलेल्या पेटीपुढे बसतो."

काटोंगोच्या बापाचा दिवस दुपारीच तुटला होता. बसला थोडाच वेळ उरला होता, आणि चूक माझ्या सुरात होती. तिने येऊन माझे बटण बंद केले. बाहेर कसुबाने जनरेटर बंद केला. अंगण एकदम मोकळे मोकळे झाले.

बाना-म्वापेंनी माझ्या डोक्यावरची परात मांडीवर घेतली आणि त्या शेंगा सोलू लागल्या. सोलता सोलता, तोंड मिटून, त्या गुणगुणू लागल्या. काटोंगोने मान वर केली.

"जेरे, कालचा शेवट लाव. हळू."

यंत्रातून कालचा मी घुमलो, विझत गेलो. बाना-म्वापेंची गुणगुण त्याच्यावर अशी बसली, की कुठे मी संपलो ते मलाही कळले नाही.

"तुम्हाला हा सूर कोणी दिला?" काटोंगोने विचारले.

"कोणी द्यायचा? इतकी वर्षं शेजारी राहते मी. तुझा बाप सकाळी हे सुरू करायचा, माझं पीठ त्याच्यावरच घोटलं जायचं."

तोवर दुसऱ्या दोघींनी तोच सूर धरला होता. कोणी ठरवले नव्हते. काटोंगोने गिटारची वायर माझ्यातून उपसली आणि नुसत्या लाकडावर, त्यांच्या आवाजाशी खुंट्या जुळवल्या. कसुबाने ड्रम सोडून परात उलटी केली. शेंगा सांडल्या, कोणी ओरडले नाही.

"रेकॉर्डिंगचं बटण दाब, जेरे. आणि कालचं ते विझणं कापू नकोस."

मित्रांनो, तो अल्बम आता दूरदूरचे लोक ऐकतात. अर्ध्यापर्यंत खाली मी आहे. मग मी विझतो, आणि पूर्ण विझायच्या आत बायका तो सूर उचलतात. तिथून दिवेलागणीपर्यंत माणसेच माणसे आहेत. जेरेची बस चुकली असती, पण बाना-म्वापेंनी तिच्यापुढे उभे राहून चालकाला थांबवून ठेवले.

तुमच्या घरात कुठे एखादे जुने यंत्र घुमत असेल. त्याला दुरुस्त करा किंवा तसेच राहू द्या, ते तुमच्यावर. फक्त त्याला गप्प करण्याआधी, घरातले कोण नकळत त्याच्या सुरात गुणगुणते, तेवढे एकदा ऐका.

सोमवारी वीज आली. काटोंगोने माझ्या पाठीतली कोळिष्टके काढली, बटण दाबले, आणि झाकणावर तळहात ठेवला. म्वापे दारात बेस गिटार घेऊन तयार उभा होता.

"चल की," तो म्हणाला.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्याला ऊब येऊ दे."