धुतलेला कोट

मी तांबूर बोलतोय, एलीचा शिकारी कुत्रा. मान खाली घालून बोलतोय हे आधीच सांगून ठेवतो, कारण जे सांगायचंय ते एलीला अजून ठाऊक नाही.

माझा जन्म एलीच्याच सरपणाच्या खोलीतला. सात भावंडांत मी सगळ्यात मरतुकडा. त्याने मला बाटलीने दूध पाजून जगवलं. आवाज ढोलासारखा निघाला म्हणून नावही ढोलाचंच ठेवलं; आमच्याकडच्या भाषेत तांबूर म्हणजे ढोल. त्याची बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मला झोपायला बाहेरची पत्र्याची शेड, खायला रश्श्यात भिजवलेला शिळा पाव. लाड म्हणाल तर एकच, सॉसेजचं शेवटचं टोक नेहमी माझं. चेस्टनटच्या रानात रानडुकरांमागे आम्ही नऊ हंगाम काढले.

यंदा ऑक्टोबरात एका डुकरामागे मी फार लांब गेलो. काटेरी जाळीत गळ्यातला पट्टा तुटला, त्यावरच्या फोन नंबरासकट. पाय सुजला. लंगडत माघारी निघालो आणि पोहोचलो तो रानाखालच्या ग्वेनबाईंच्या अंगणात.

ग्वेनबाई मूळच्या वेल्सच्या, निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी मेंढपाळाचं मोडकं घर विकत घेऊन दक्षिण फ्रान्सच्या आमच्या या डोंगरात राहायला आल्या. गावाशी त्यांचं बोलणं ‘नमस्कार’ आणि ‘आज गार आहे’ यापुढे कधी गेलंच नव्हतं. मला पाहून त्यांनी बहिणीला फोन लावला.

“अगं, बरगड्या मोजून घ्याव्यात नुसत्या! हे शिकारी ना, कुत्रा म्हातारा झाला की देतात रानात सोडून. काळीज आहे की दगड?”

बरगड्या आमच्या जातीच्या दिसतातच. पण हे त्यांना सांगणार कोण? आणि खरं सांगू, मला तरी कुठे घाई होती? समोर कोंबडी-भात आला, चुलीजवळचा सोफा आला. जन्मात मी सोफ्यावर बसलो नव्हतो.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. कुत्रा हरवला की शिकारी अंगातला कोट काढून, जिथे कुत्रा सोडला होता तिथेच ठेवून जातो. कुत्रा वास काढत परत येतो, कोटावर बसून राहतो आणि मालक येऊन त्याला घेऊन जातो. माझी आई अशी दोन दिवस उपाशी बसून होती. ती गोष्ट सांगताना एलीचे डोळे अजून भरून येतात.

चौथ्या सकाळी पायाला उतार पडला आणि दार उघडं मिळालं. मी थेट रानातल्या फाट्यावर गेलो, एलीने मला जिथून सोडलं होतं तिथे. कोट होता. तंबाखू, घाम, सॉसेज, अख्खा एलीच तिथे पडला होता म्हणा ना. मी त्यावर अंग टाकलं. मग पाऊस सुरू झाला. खालून थाळी वाजली आणि हाक आली, “ये रे बाळा, जेवायला!”

मी उठलो आणि सोफ्याकडे गेलो. माझा गुन्हा तो हा.

दुसऱ्या दिवशी फिरताना ग्वेनबाईंना तो कोट दिसला. “अरेरे, कुणा बिचाऱ्याचा पडला!” मी दुसरीकडे बघत राहिलो. घरी नेऊन त्यांनी त्यावरचे केस झटकले, दोनदा धुतला, इस्त्री केली, तुटलेलं बटणसुद्धा लावलं आणि मालक सापडेल म्हणून गावातल्या बेकरीत नेऊन दिला. गावाच्या उपयोगी पडलो म्हणून दिवसभर गुणगुणत होत्या.

सकाळी एली दारात हजर. हातात कोट, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

“बाई, हा तुम्ही उचललात?”

“हो! स्वच्छ केला. बटण पण.”

“स्वच्छ केला? अहो, माझ्या कुत्र्यासाठी ठेवला होता तो! रोज उठून बघायला जात होतो मी…”

तेवढ्यात त्याला सोफ्यावर मी दिसलो.

ग्वेनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “मला वाटलं, तुम्ही सोडून दिला याला.”

“सोडून दिला? याला?” एली गुडघ्यांवर बसला आणि त्याने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. “तरीच नाही आलास होय रे लेका! पाय दुखरा, आणि तू चालता झालास तोवर कोट साबणात! त्या वासात तुला कसा सापडणार मी? चुकलं माझं. मीच बसून राहायला हवं होतं तिथे. माफ कर गाढवा मला.”

माफी तो मागत होता, आणि माझ्याकडे. मी शेपूट हलवली. दुसरं काय करणार होतो?

ग्वेनबाई एकटक माझ्याकडे बघत होत्या. धुण्याआधी झटकलेले ते तपकिरी केस त्यांना आठवले असणार. मग त्या एलीला म्हणाल्या, “हो. साबण. सगळी चूक माझी.”

तेव्हापासून बेकरीत त्या दिसल्या की एली ओरडतो, “अरे, कोट सांभाळा, धोबीणबाई आल्या!” सगळे हसतात, त्याही हसतात. लोक आता त्यांना बसवून घेतात, चेस्टनट भाजले की वाटीभर पाठवतात. पण हसताना त्या माझ्याकडे बघत नाहीत, आणि मीही त्यांच्याकडे बघत नाही.

एली मला आता घरात झोपवतो. अंगाखाली तोच कोट असतो. शेडमध्ये ठेवलं असतं तर बरं वाटलं असतं. सॉसेजची आता दोन्ही टोकं माझीच, आणि दुसरं मी तसंच थाळीत सोडतो.

तुमच्यापैकी कुणाला एली भेटलाच, तर साबणाचा काही दोष नव्हता एवढं त्याला सांगा. नको, राहू द्या. सांगू नका. कोटाला आता कुठे पुन्हा तंबाखूचा वास यायला लागलाय, आणि मी त्यावरून उठत नाही.