पाचवा लागला की सरला

चाकणच्या चौकात बस अडकली. दुपारी कंपनीत कंबरदुखीसाठी मैत्रीण अनुयानं दिलेली गोळी पिवळी होती. घरी सासूबाई बोटांवर साक्षीचे महिने मोजत होत्या. साक्षीची कंबर दुखायची लगेच थांबली होती, आणि भीती त्याचीच होती: इतकी जोरदार गोळी पोटातल्या बाळाला चालते का?

घरी येऊन तिनं गोळीचं पाकीट वाचलं. सूज-वेदनेची गोळी, गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच घ्या. तिनं लगेच डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"कितवा महिना?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाचवा."

"सहावा," सासूबाई म्हणाल्या. "पाचवा सरला न्हाई व्हय?"

"लागलाय, आई. सरला नाही."

"लागला-सरला राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "सोनोग्राफीप्रमाणे एकविसावा आठवडा चालू आहे."

"म्हणजे पाचवाच ना?"

"पाचवाच. पण विसाव्या आठवड्यानंतर ही गोळी टाळतात. बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होतो, भोवतालचं पाणी कमी होऊ शकतं."

साक्षीला कळेना, आपलं बरोबर निघालं की चुकलं.

"एका गोळीनं सहसा काही होत नाही. दुसरी घेऊ नका. उद्या या, तपासू."

सासूबाईंनी पुन्हा बोटं उघडली. "मग माझा कुठला महिना जास्तीचा झाला गं?"

कंपनीत गोळी देण्याआधी अनुयानं विचारलं होतं, "कितवा? पाचव्यापर्यंत चालते म्हणे." आणि साक्षीनं "पाचवाच" म्हणून ती घेतली होती.