खाकीतला परका

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात आकाराम पलटणीच्या खाकीतच इटलीतून परतला. टाकारी स्टेशनावर उतरून विट्याच्या वाटेला लागला, तेव्हा शांतिनाथ नावाचा कापडाचा व्यापारी आपणहून सोबतीला आला. वाट एकट्यानं चालायची राहिली नव्हती.

"तिकडं तरी वाटसरूला सुख हाय का?" शांतिनाथानं विचारलं.

"शहरात न्हाई. बंदरावर उभ्याउभ्या माझी पिशवी कापून नेली. पण डोंगरात वाट चुकलो, तवा एका म्हातारीनं घरात घेतलं. तिची बोली मला कळंना, माझी तिला. तरी चुलीम्होरं बसवून जेवू घातलं."

"हितं आता कोण दार उघडतंय? दरोडेखोरबी खाकी घालून येत्यात."

शांतिनाथ त्याच्या गावाच्या फाट्यावर वळला. त्यानं मागं वळून हात केला आणि भराभर दिसेनासा झाला. पुढची वाट आकारामानं एकट्यानं तुडवली.

दिवस मावळताना तो शेतातल्या आपल्या घरच्या वस्तीवर पोचला. दाराला आतून कडी होती.

"कोण हाय?" आतून बाईचा आवाज आला. लालासाहेबाचं, त्याच्या थोरल्या भावाचं लग्न तो परदेशात असताना झालं होतं. ही चंद्रावहिनी असणार.

"मी आकाराम. तुमचा दीर."

"ते तिकडं लांब लढाईवर हायती. तुमी पुढं व्हा, न्हाईतर वरडंन!"

आई असती तर नुसत्या खाकरण्यावरून तिनं ओळखलं असतं. पण आई गेल्या साली गेली. त्याला कळलं तेव्हा तेरावाही उलटला होता.

"बरं करतायसा वहिनी. मी न्हवं, कुणीबी आलं तरी उघडू नगासा," असं म्हणून तो फटीतून दिसेल असा कडब्याच्या गंजीशी जाऊन बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. आत लेकरू रडायला लागलं, तिनं त्याचं तोंड दाबल्यासारखं ते गप्प झालं.

लालासाहेब बैलं घेऊन आला. "आक्या!" म्हणत त्यानं भावाला मिठीच मारली. मग दार उघडलं. वहिनी पाया पडायला वाकली, पण मान काही वर करीना. भाकरी लांबूनच सरकवून ती दाराआड झाली.

"रजा किती हाय रं?" लालासाहेबानं विचारलं.

पलटणीतून नाव कमी करून, कायमचा आलोय, हे आकारामाला सांगायचं होतं. पण दाराआड दबकून उभ्या असलेल्या वहिनीकडं त्याची नजर गेली.

"बघू," तो म्हणाला, आणि खाली मान घालून जेवत राहिला.